खिडकीजवळचा

कॉम्प्युटरबाई मटार सोलत बसल्या होत्या. सुनेनं एक कागद थेट त्यांच्या परातीत टाकला.

"आई, तुमच्या प्रोग्रामनं माझी पार लाज घालवली."

बाईंनी हात पुसले, चष्मा नाकावर चढवला. रक्तपेढीच्या मोठ्या डॉक्टरांचं पत्र होतं. लेबल छापताना वारंवार चुकीचा प्रिंटर निवडल्याबद्दल आणि रक्ताच्या पिशव्यांची तीन लेबलं गहाळ केल्याबद्दल निष्काळजीपणाचा ठपका का ठेवू नये, याचा लेखी खुलासा आज संध्याकाळी पाचपर्यंत करावा. खाली लफ्फेदार सही.

"तू निवडतेस का चुकीचा?"

"नऊ वर्षं 'टेबल एक' निवडतेय. झोपेतून उठवून विचारा. तरी लेबल कधी माझ्या टेबलावर निघतं, कधी शेजारच्या. आणि तीन तर कुठंच निघाली नाहीत."

"कुठंच नाही असं नसतं. कागद आहे तो, वाफ नाही."

"मोठे डॉक्टर अगदी हेच म्हणाले. तुमच्याकडे शिकवणीला होते का?" सून म्हणाली खरी, पण तिचा आवाज ओला झाला होता. "पाचनंतर मला रेकॉर्डच्या तळघरात बसवणार. एकदा निष्काळजी म्हणून शेरा बसला, की कुठल्या रक्तपेढीत मला कोण उभं करील?"

हरवलेलं लेबल म्हणजे काय, हे बाईंना माहीत होतं. पिशवीचं लेबल पुन्हा छापता येतं, पण पहिलं कुठं तरी फिरतच असतं. ते चुकून दुसऱ्या पिशवीवर बसलं, तर भलत्याचं रक्त भलत्याच्या अंगात जातं. सुनेवर ठपका होता तो असा होता, आणि प्रोग्राम बाईंचा होता. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांनी तो एकटीनं लिहिला होता. त्यानंतर रक्तपेढीतली मशीनं सहा वेळा बदलली, बाई निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण प्रोग्राम तोच होता. कुणी जुन्या घड्याळाचं कौतुक करावं तसं बाई मनातल्या मनात त्याचं करायच्या.

त्या उठल्या. कपाटाच्या वरच्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत सुया-दोरे नव्हते. प्रोग्रामच्या मूळ ओळी होत्या, चार ठिकाणी उतरवून ठेवलेल्या. त्यांनी त्यातला पेन ड्राइव्ह पदराच्या टोकाला बांधला, जुना लॅपटॉप पिशवीत घातला.

"चल. मटार आल्यावर सोलू."

रक्तपेढीची खोली लांबट होती. डाव्या हाताला काचेच्या दारांचे चार मोठे फ्रिज, त्यांची एकसुरी घरघर. मधोमध तीन टेबलं, प्रत्येकावर एक मशीन आणि डब्याएवढा लेबल प्रिंटर. उजव्या टोकाला भिंतीत बोल्टनं ठोकलेलं लोखंडी कपाट, जमिनीपासून छतापर्यंत. स्पिरिटचा वास तोच. बाईंनी तो छातीभर घेतला आणि त्यांना एकदम चाळिशीत गेल्यासारखं वाटलं.

तेव्हा या खोलीत एकच मशीन होतं, हिरव्या अक्षरांचं. प्रिंटरही एकच, चांगला ट्रंकेएवढा. तो उजव्या टोकाच्या खिडकीत ठेवलेला असायचा. दोन्ही कडांना भोकं असलेला कागद आत ओढत, करवतीनं लाकूड कापल्यासारखा आवाज करत तो लेबलं छापायचा. त्याच्या शेजारी स्टुलावर बसायच्या बरोबरताई.

त्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. लेबल फाडायच्या, खिडकीच्या उजेडात धरायच्या, नोंदवही आणि पिशवीशी ताडून बघायच्या. मग निळ्या पेन्सिलीनं उजव्या कोपऱ्यात बारीकशी खूण करून म्हणायच्या, "बरोबर." ही खूण नसेल तर पिशवी दारातून बाहेर जात नसे, मग समोर कुणी का उभं असेना. एकदा एक नामांकित सर्जन दारात पाय आपटत होते, तर ताई म्हणाल्या होत्या, "आपटा. फरशी मजबूत आहे." प्रिंटरच्या कपाळावर त्यांनीच चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खिडकीजवळचा'. बाई हसल्या होत्या. "ताई, एकच तर आहे, नाव कशाला?" ताई म्हणाल्या, "आज एक आहे. नाव असलेलं बरं."

ताई जाऊन बावीस वर्षं झाली होती. पुढं तो प्रिंटर भंगारात गेला, बारकोड आले, खूण करणं थांबलं, आणि खिडकीवर कपाट बसलं.

"मॅडम, मी छपाईच्या नोंदींचे लॉग पाहिलेत," दवाखान्याचा नेटवर्कवाला म्हणाला. तिशीचा, नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र. "प्रिंटर ठणठणीत आहेत. वापरणाऱ्याची चूक आहे. तुमचं मन दुखवायचं नाही, पण सॉफ्टवेअरचंही वय झालंय."

"माझंही झालंय," बाई म्हणाल्या. "अजून चालते. बसू?"

तो खुर्चीवरून उठला.

बाईंनी आधी काहीच केलं नाही. सुनेला दहा वेळा प्रोग्राम बंद करून सुरू करायला लावला आणि नुसत्या बघत राहिल्या. मग लॅपटॉपवर आपल्याच जुन्या ओळी उघडल्या. वाचता वाचता एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"चूक सापडली. माझी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" सून खाली वाकली.

"प्रोग्राम सुरू झाला की मशीनला विचारतो, तुझ्याकडे प्रिंटर कोणकोणते? मशीन नावांची यादी देतं, वर्णानुक्रमानं. तू त्यातला एक निवडतेस. पुढच्या वेळेसाठी प्रोग्रामनं काय लक्षात ठेवायला हवं?"

"नाव."

"मी नाव ठेवलंच नाही. यादीतला नंबर ठेवला. 'अहवाल खोली' पहिला, तुझा 'टेबल एक' दुसरा. म्हणून तुझ्या मशीननं 'दुसरा' एवढंच लक्षात ठेवलं. रांगेतल्या दुसऱ्या माणसाला निरोप द्या म्हणून सांगावं, आणि पुढचा माणूस रांग सोडून चहाला जावा, तसं झालंय." त्या नेटवर्कवाल्याकडे वळल्या. "तुम्ही अहवाल खोलीचा प्रिंटर यादीतून काढता-घालता का?"

"अडकला की काढून पुन्हा बसवतो," तो हळूच म्हणाला. "आठवड्यातून एक-दोनदा."

"तेव्हा हिचं लेबल शेजारच्या टेबलावर निघतं. प्रोग्राम चालू असताना यादी बदलली, तर पडद्यावर नाव जुनंच राहतं, म्हणून हिला कळत नाही. आणि तुम्हाला वाटतं, बाईमाणसानं चुकीचं बटण दाबलं."

नेटवर्कवाला ओळखपत्राशी खेळू लागला. बाईंनी त्याला फार वेळ तसं ठेवलं नाही. "खुर्ची घ्या आणि इकडे बघा. तुमच्याही कामाचं आहे."

दुरुस्ती नऊ ओळींची होती. प्रोग्रामनं नंबर विसरायचा आणि नाव लक्षात ठेवायचं. छापण्याआधी ते नाव यादीत आहे का बघायचं. नसेल तर भलतीकडे न छापता थांबायचं आणि माणसाला विचारायचं. बाईंची बोटं आधी चाचपडली, मग एकदम सुटली. प्रोग्राम पुन्हा तयार झाला, तिन्ही मशीनांवर चढला.

"आता छळा त्याला," त्या म्हणाल्या.

नेटवर्कवाल्यानं मनापासून छळलं. प्रिंटर काढले, घातले, त्यांची नावं बदलली, मशीनं बंद-चालू केली. चाळीस लेबलं छापली. चाळीसच्या चाळीस ज्या टेबलावर निघायला हवीत तिथंच निघाली. एकदा त्यानं 'टेबल एक' यादीतून काढूनच टाकला, तर प्रोग्रामनं पडद्यावर विचारलं, 'टेबल एक सापडत नाही. काय करू?'

"वा!" तो ओरडला. खरंच ओरडला. फ्रिजपाशी उभे असलेले मोठे डॉक्टर वळले.

बाईंना वाटलं, उठून एक गिरकी घ्यावी. एकोणसत्तराव्या वर्षी गुडघे परवानगी देत नाहीत, म्हणून त्यांनी सुनेच्या पाठीत एक धपका घातला.

मोठे डॉक्टर जवळ आले. सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, कडक होता. "चुकीच्या टेबलाचं समजलं," ते म्हणाले. "ते मी मागे घेतो. पण तीन लेबलं? शेजारच्या टेबलावर निघाली असती तर सापडली असती. ती सापडेपर्यंत पत्र कायम. नाइलाज आहे."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाईंनी लॉग उघडला. तिन्ही लेबलं सकाळी आठ ते दहाच्या दरम्यानची, तीन वेगवेगळ्या दिवसांची. तिन्हींपुढे 'छापलं' असं लिहिलेलं. म्हणजे कुणी तरी ती घेतली होती.

"शेजारी निघाली नाहीत, याचा अर्थ पुढचा माणूस रांग सोडून गेला नव्हता," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "मधे कुणी तरी घुसलं होतं. 'अहवाल'च्या नंतर आणि 'टेबल'च्या आधी."

त्यांनी सुनेच्या मशीनवर प्रोग्राममधली प्रिंटरांची यादी उघडली.

अहवाल खोली. खिडकीजवळचा. टेबल एक.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग खालपर्यंत पूर्ण यादी मोजली. सात.

"सहा आहेत," नेटवर्कवाला म्हणाला. "पूर्ण इमारतीत सहाच आहेत." त्यानं मशीनची स्वतःची यादी शेजारी उघडून दाखवली. सहा. "हे काही तरी जुनं राहिलं असेल. मशीन बदलताना असा कचरा सोबत येतो."

तसं होतं, हे बाईंना माहीत होतं. पण कचरा यायला आधी तो कुठं तरी असावा लागतो. ते नाव कुठल्याच मशीनमध्ये कधी कुणी घातलं नव्हतं. ते एका चिकटपट्टीवर होतं, निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि ती पट्टी प्रिंटरबरोबर भंगारात गेली होती.

हे त्या कुणाला म्हणाल्या नाहीत.

"काढून टाकतो," तो म्हणाला. त्यानं काढलं. यादी मिटून पुन्हा उघडली. सात.

पुन्हा काढलं. सात.

"आई, काय आहे हे?" सुनेनं विचारलं.

"बघू या," बाई म्हणाल्या. त्यांनी एक लेबल भरलं. नावाच्या जागी 'चाचणी', गट 'ओ पॉझिटिव्ह', आजची तारीख. प्रिंटर निवडला, खिडकीजवळचा. आणि बटण दाबलं.

टेबलांवरचे तिन्ही प्रिंटर गप्प होते.

फ्रिजची घरघर चालू होती. मग चारपैकी एका फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला, आणि त्या तेवढ्या शांततेत उजव्या टोकाकडून आवाज आला. करवतीनं लाकूड कापल्यासारखा. तीन ओळींएवढा. मग थांबला.

"फ्रिज," नेटवर्कवाला म्हणाला.

"फ्रिज डावीकडे आहेत," सून म्हणाली.

पडद्यावर उमटलं होतं, 'छापलं'.

बाई मोठ्या डॉक्टरांकडे वळल्या. "ते कपाट हलवायचंय."

"चौदा वर्षांत हललेलं नाही ते, बाई. बोल्ट आहेत."

"म्हणूनच."

मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग वॉर्डच्या दोन मामांना पाने घेऊन बोलावलं. बोल्ट गंजले होते. एक मामा कुरकुरला, "भिंत बरोबर येईल हां, मग मला बोलू नका." भिंत आली नाही. कपाट कण्हत कण्हत हातभर पुढं सरकलं आणि मागून दुपारचं ऊन एकदम खोलीत आलं.

खिडकी होती. काचेवर धुळीचा थर. कट्ट्यावरही धूळ, बोट रुतेल एवढी जाड.

त्या धुळीत एक मोठा चौकोन स्वच्छ होता. ट्रंकेएवढा.

चौकोन रिकामा होता. त्याच्या पुढ्यात, एकावर एक नीट रचून, चार लेबलं ठेवली होती.

बाईंनीच हात पुढं केला. बाकी कुणी करेना. कागद जाडसर, पिवळट, दोन्ही कडांना भोकं. असा कागद या इमारतीत वीस वर्षांत आला नव्हता. वरचं लेबल 'चाचणी'चं होतं. शाई ओली होती. खालची तीन, हरवलेली. नंबर जुळले, तारखा जुळल्या.

"ही... ही कुणी तरी आत टाकली असणार," नेटवर्कवाला म्हणाला. मग त्यानं कपाटाच्या बाजूची फट पाहिली. तिच्यातून पोस्टकार्डही गेलं नसतं.

सुनेनं डोळ्यांना रुमाल लावला. "सापडली, आई. तिन्ही सापडली."

पण बाई लेबलं उजेडात धरून बघत होत्या. हरवलेल्यांपैकी पहिल्याच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीची बारीक खूण. दुसऱ्याच्याही.

तिसऱ्याचा कोपरा कोरा होता.

"या नंबरची पिशवी कुठं आहे?"

सुनेनं नंबर पाहिला. "दुसऱ्या फ्रिजमध्ये. लेबल पुन्हा छापून लावलंय. चारच्या ऑपरेशनसाठी राखलीय, ए पॉझिटिव्ह."

"पुन्हा तपास."

"दोनदा तपासलीय, आई. वहीत दोन सह्या आहेत."

"तिसऱ्यांदा तपास. माझं ऐक."

सुनेनं सासूचा चेहरा पाहिला आणि वाद घातला नाही. पिशवी काढली, तिच्या नळीतले थेंब काचेवर घेतले, औषधाचे थेंब घातले, काच हलवली. बघता बघता तिचे खांदे ताठ झाले.

"डॉक्टर," ती म्हणाली. "ही ए नाही. बी आहे."

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पुन्हा केलं. दोनदा केलं. मग नोंदवही उघडली. त्या दिवशी गट तपासायची पाळी सुनेची नव्हती, तिनं नुसतं लेबल छापलं होतं. गट दुसऱ्याच कुणी लिहिला होता. आणि 'पडताळलं' या रकान्यात सही होती, लफ्फेदार.

ते बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिले. पुढच्या चाचणीत ही चूक सापडलीही असती. कदाचित नसतीही.

"घाईत होतो," ते म्हणाले. "वही समोर आली, सही केली." मग त्यांनी सुनेपुढं हात केला. तिनं सकाळचं पत्र दिलं. त्यांनी त्याचे दोन तुकडे केले, चार केले, आठ केले. "खुलासा तुम्ही द्यायचा नाही. मी देतो. आणि वर लिहून कळवतो, की आज एक माणूस वाचला तो तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे नाही," सून म्हणाली.

"मग कुणामुळे, ते तुम्ही लिहा. मला लिहिता येणार नाही."

मामांनी टाळी वाजवली. त्यांना नक्की काय झालं ते कळलं नव्हतं, पण काही तरी जिंकलं आहे एवढं कळलं होतं. नेटवर्कवाल्यानं कुठून तरी चहा आणला आणि पहिला कप बाईंच्या हातात दिला. "मॅडम, त्या नऊ ओळी मला समजावून सांगाल? आणि ते सातवं नाव... काढू ना?"

"काढून निघालं का?"

"नाही."

"मग राहू दे. आता प्रोग्राम नंबर बघत नाही. ते यादीत असलं तरी कुणाच्या वाटेत येत नाही."

बाईंनी लॅपटॉप मिटला. त्यांना फार हलकं वाटत होतं. आपली चूक एकोणतीस वर्षांनी आपल्याच हातानं दुरुस्त करायला मिळणं, हे भाग्य सगळ्यांना लाभत नाही. कपाट पुन्हा खिडकीवर लावू नका, असं त्यांनी सांगितलं आणि मोठ्या डॉक्टरांनी लगेच मान डोलावली. एका मामानं काच पुसली. कट्टा मात्र त्यानं पुसला नाही.

तेवढ्यात दुपारच्या दहा नव्या पिशव्या आल्या. सून टेबलाशी बसली. पाठ ताठ, पदर खोचलेला. तिनं 'टेबल एक' निवडलं आणि बटण दाबलं. शेजारचा डब्याएवढा प्रिंटर गुणगुणला आणि चकचकीत पांढरं लेबल बाहेर आलं. जिथं यायला हवं तिथंच.

"बघा आई, कसं शहाण्यासारखं—" ती थांबली.

लेबलाच्या उजव्या कोपऱ्यात निळी खूण होती.

तो प्रिंटर शाईचा नव्हता. कागद तापवून अक्षर उमटवणारा होता. त्याला एकच रंग यायचा, काळा.

सुनेनं बोट फिरवलं. बोटावर पेन्सिलीची निळी भुकटी आली.

दुसरं लेबल निघालं. खूण होती. तिसरं. चौथं. मोठे डॉक्टर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. नेटवर्कवाल्याचा चहा हातातच राहिला. आठवं. नववं. प्रत्येकावर तीच बारीक, ठाम खूण, जिची सवय बाईंच्या डोळ्यांना होती.

बाईंच्या ओठांवर हसू आलं. त्या खिडकीकडे वळणार होत्या, पण वळल्या नाहीत.

दहावं लेबल बाहेर आलं.

कोपरा कोरा होता.

मोठ्या डॉक्टरांनी दहावी पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि पुन्हा तपासायला घेतली.